संवादकौशल्यात राहिले त्याची हकिगत

सौ. वन्सं यांना वहिनीचा मनापासून नमस्कार.

तुम्ही सगळे खुशाल असाल. इकडे आम्हीही आहोत, म्हणजे तब्येतीने आहोत. माझा रक्तदाब जागेवर आहे, तुमच्या दादांचे गुडघेही जागेवर आहेत (तिथून हलत नाहीत हीच तर त्यांची तक्रार). पत्राला उशीर झाला याचा राग धरू नका. कॉलेजचा निकाल लागल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि निकाल लागल्यावर लिहावंसं वाटेना. पण तुमच्या कानावर उलटसुलट जाण्याआधी माझ्याच हातचं गेलेलं बरं. मी एका विषयात राहिले. डिझाइनमध्ये पास, कलेच्या इतिहासात काठावर पास आणि संवादकौशल्यात नापास. हसा. तुमचे दादाही हसले. जिने सबंध जन्म बोलण्यात घालवला ती बोलण्यातच नापास झाली, हे त्यांनी शेजाऱ्यांना, दूधवाल्याला आणि चुकून आमचा नंबर लागलेल्या एका गृहस्थांनाही सांगितलं.

आमचा करार तुम्हाला ठाऊक नसेल. लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि मी या वयात कॉलेजात नाव घातलं, तेव्हा हे म्हणाले होते, एका जरी विषयात राहिलीस तर मुकाट्याने घरी बसायचं. मी बिनदिक्कत हो म्हटलं, कारण नापास होणं हे इतरांचं काम आहे असा माझा समज होता.

कलेच्या इतिहासाचं सोडा. तो अंधारात शिकवतात. पडदे ओढायचे, भिंतीवर चित्रं दाखवायची आणि सरांनी हलक्या आवाजात बोलायचं. भरल्या पोटी, अंधारात, कोणी हलक्या आवाजात शतकांबद्दल बोलू लागलं तर जागं राहणारा माणूस मला दाखवाच. (मी घोरत नाही. शेजारची चष्मेवाली म्हणते की घोरते, पण ती स्वतःच झोपलेली असते.) परीक्षेत एक चित्र आलं. डोळे वर गेलेले, तोंड अर्धवट उघडं, हात छातीवर. मी पानभर लिहिलं की या गृहस्थांना पित्ताचा जुना त्रास आहे आणि चित्रकाराने तो चेहऱ्याच्या हिरवट रंगातून फार छान दाखवला आहे. तो साक्षात्काराचा क्षण निघाला. सरांनी रंगाचे गुण दिले, निदानाचे कापले.

डिझाइनला घरातल्या एका माणसाचं निरीक्षण करून त्याच्यासाठी वस्तू बनवायची होती. घरात माणूस एकच. मी टेप घेऊन ह्यांच्या मागे लागले. बसताना कुठे धरतात, उठताना कशाला रेटा देतात, ‘आई गं’ बसताना म्हणतात की उठताना, सगळं टिपायचं. पण कोणी बघतंय म्हटल्यावर तुमचे दादा असे ताठ बसू लागले, जणू फोटोच काढायचाय. शेवटी मी स्वयंपाकघराच्या दाराआडून चित्रं काढली आणि त्यावरून खुर्ची केली. बैठक उंच, हात जाड आणि उठायला सोपं जावं म्हणून पुढे किंचित उतार. तो उतार माझ्या हातून अंमळ जास्त झाला. पेपर वाचता वाचता डुलकी लागली की हे आपोआप उभे राहायचे (निम्म्या वेळा उभे, निम्म्या वेळा जमिनीवर). मग बैठक तासून घेतली आणि खुर्ची खरंच नामी झाली. आता ते दुसऱ्या कशावर बसत नाहीत, पण कबूल करायचे नाहीत.

घोळ झाला तो संवादकौशल्याच्या तोंडी परीक्षेत. डिझाइनला केलेली वस्तूच तिथे समजावून सांगायची होती. बाहेरचे परीक्षक, समोर सगळा वर्ग, स्टेजवर मधोमध खुर्ची. जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी वस्तू केली ते माणूस सोबत आणा, असं शिकवणाऱ्या बाईंनी सुचवलं होतं (बाई माझ्या लेकीएवढ्या आहेत, पण बाई त्या बाई), म्हणून हे इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. मी उभी राहिले आणि पाठ केलेलं सगळं पार पुसून गेलं. तोंडातून घरचीच भाषा यायला लागली. खुर्चीच्या हातांवर हात ठेवून मी म्हणाले, “हे सकाळी जरा आखडलेले असतात. थंडीत करकरतात. थोडा वेळ उन्हात ठेवले की सैल होतात.”

परीक्षक लिहून घेत होते. “लाकूड ओलं वापरलं होतं का?” त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. “नाही हो, वयोमानाने होतं,” मी म्हणाले. “मी रोज तेल लावून चोळते. नाही चोळलं तर रात्रभर कुरकुरतात, मला झोपू देत नाहीत.”

चष्मेवाली बाकाखाली गेली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून तुमचे दादा उठले आणि सबंध वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, “रोज नाही हं. आठवड्यातून दोनदा. तेही मागितलं तर.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. हे स्टेजवर आले, खुर्चीत ऐसपैस बसले आणि तिथून मुद्दे मांडू लागले. मी त्यांच्याकडे तोंड केलं, म्हणजे आपोआप वर्गाकडे पाठ. तेलावरून बाटलीवर, बाटलीवरून तुमच्या मावशींच्या लेकीच्या लग्नात ती कोणी सांडली इथवर आलो तेव्हा घंटा झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी शेरा दिला: तळमळ भरपूर, श्रोत्यांकडे लक्ष नाही.

वन्सं, मी हसण्यावारी नेतेय, पण निकालाच्या दिवशी बराच वेळ कॉलेजच्या जिन्यात बसून होते. मुलं जाता येता ‘काकू, चहा?’ विचारत होती. रडू येत होतं ते गुणांचं नव्हतं. खुर्ची चांगली झाली होती, ती का चांगली झाली ते मला नीट माहीत होतं, आणि चार माणसांत ते सांगायची वेळ आली तेव्हा मी भांडत बसले. संध्याकाळी ह्यांनी कराराची आठवण करून दिली. मी ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि म्हटलं, करार तुम्ही मोडलात. परीक्षा चालू असताना बाहेरच्या माणसाने तोंड घातलं की करार संपला. ह्यांनी आणखी एक पोळी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी मी फेरपरीक्षेला नाव देऊन आले. बाईंची अट एकच, माणसाचं नाव घेऊन बोलायचं, ‘हे’ शब्द एकदाही नको. जमेल. मी जमवणार. एकदा नाही जमलं तर पुन्हा बसेन, पण ती खुर्ची मी त्या स्टेजवरून समजावून सांगणारच.

तुमच्याकडच्या मोठ्यांना वाकून नमस्कार, लहानांच्या गालावर हात.

तुमची, नापास पण हजर,
वहिनी

ता. क. – मुख्य लिहायचं राहिलंच. आरशासमोर सरावाला उभी राहिले की आतल्या खोलीतून दुरुस्त्या येतात. अशाने मी जन्मात पास व्हायची नाही. म्हणून परीक्षा होईपर्यंत तुमच्या दादांना तुमच्याकडे पाठवतेय. विचारत नाहीये वन्सं, कळवतेय. पत्र शुक्रवारी पोचेल, हे रविवारी. खुर्ची बसच्या टपावर असेल, ती जपून उतरवून घ्या.

आणखी एक – सरळ ‘जा’ म्हटलं असतं तर ते हलले नसते. म्हणून तुमचा पाय मुरगळलाय आणि हाताशी कोणी नाही, असं सांगितलंय. रागावू नका. ते आले की दार उघडायला उठू नका, आणि उठलातच तर लंगडा.

शेवटचं – पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात बॅग भरता भरता ह्यांनी विचारलं, “कुठला पाय म्हणालीस?” मी गडबडीत उजवा म्हटलं. “मग तसं लिही तिला,” हे म्हणाले, “नाहीतर मी जाईन आणि ती डावा बांधून बसलेली असायची. आणि म्हणावं, घाईने बरा करू नकोस, हिची परीक्षा होऊ दे.” तेव्हा वन्सं, उजवा.