सौनातून आलेल्या माणसाच्या रक्ताबाबत

प्रति,
मा. मुख्य वैद्यकीय अधिकारी,
पुनर्वसन विभाग, जिल्हा रुग्णालय,
उत्तर कारेलिया, फिनलंड

विषय : माझे यजमान श्री. तेप्पाना सिस्सोनेन यांना पुनर्वसन विभागात जागा मिळणेबाबत.
संदर्भ : आपले नकाराचे पत्र, दि. ८ जुलै.

महोदय,

“तोंडी सांगू नकोस, लिहून दे. तुझं बोलणं चौकशीच्या खिडकीच्या काचेपलीकडे जात नाही,” असे यजमानांनी मला काल बजावले. पक्षाघातानंतर त्यांचे शब्द अडखळतात, पण बजावणे पूर्ववत झाले आहे. त्यांच्या आज्ञेवरून हा अर्ज सविनय सादर करते.

१. जूनअखेरच्या शनिवारी सौनाच्या वाफेत घाम गाळत, तापल्या दगडांवर पुन्हा पाणी ओतता ओतता यजमान बाकावरून कलंडले. रुग्णवाहिकेने त्यांना टॉवेलात गुंडाळून, अंगावर झोडायच्या बर्चच्या डहाळीच्या, पाठीला चिकटलेल्या पानांसकट आपल्याकडे आणले. लगेच रक्त घेतले. त्यात कोपेप्टिन नावाचा घटक फार वाढलेला निघाला. तो इतका वाढला की पक्षाघातातून वाचण्याची आशा कमी, असे डॉ. होल्माबाईंनी मला हळुवारपणे समजावले. तो कशाने वाढतो, असे मी विचारले. “आजाराच्या ताणाने, आजी. अंगातलं पाणी कमी झालं तरी वाढतो.” हे गृहस्थ सौनातूनच आले होते, त्यांच्या अंगात पाणी उरले होते कुठे, असे मी निदर्शनास आणले. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “अगं बाई, हे कुणी लिहिलंच नाही!” शनिवारी संध्याकाळी आपल्याकडे सौनातून कोण येत नाही? म्हणूनच कोणाला ते लिहावेसे वाटले नसावे.

२. तरीही त्याच आकड्यावरून आपण जागा नाकारलीत. यजमानांनी पत्र वाचून “मी नापास का?” एवढेच विचारले आणि भिंतीकडे तोंड केले. त्या दिवसापासून ते हात हलवायचा प्रयत्नसुद्धा करत नाहीत.

३. माझे दीर इल्लारी यांनी हे ऐकून यजमानांची होडी नेली व तिला हिरवा रंगही दिला. चर्चमधल्या बायकांनी श्राद्धाच्या भाकऱ्या कोणी भाजायच्या ते वाटून घेतले. पाद्रीबाबांनी तर मला तारीख विचारली. मी म्हटले, “बाबा, ती अजून रुग्णालयाने कळवलेली नाही.”

४. मी बुधवार-शुक्रवार दूध-अंडे वर्ज्य करते, संतांच्या तसबिरीपुढचा दिवा विझू देत नाही. त्याने ते वाचले, असा माझा दावा नाही. प्रार्थना माझ्याकडे, तपासणी आपल्याकडे.

तरी विनंती की रक्त पुन्हा घ्यावे, या वेळी आधी पाणी पाजून. आकडा काहीही येवो, आपण स्वतः एकदा त्यांच्या खाटेशी यावे आणि माणूस पाहून निर्णय घ्यावा. ते जगतील किती हे देव जाणे. जगतील तेवढे दिवस त्यांना उभे राहायचे आहे.

काल निघताना नर्सबाईंसमोर मी त्यांना शब्द दिला, की आज आम्ही दोघी दोन्ही बाजूंनी धरू आणि खाटेपासून खुर्चीपर्यंत जाऊ. त्यांनी भिंतीकडचे तोंड वळवून “बघू” म्हटले. त्यामुळे आपल्या उत्तरासाठी खिडकीपाशी थांबता येत नाही, क्षमा असावी. हा अर्ज देऊन मी जिन्याने वर जाते.

आपली कृपाभिलाषी,
मार्फा सिस्सोनेन
दि. १९ जुलै