थोरल्याचे नाव नसलेले मृत्युपत्र

अण्णा, चौकटींना गोलाई काढायचा तुमचा तो इंग्लिश रंधा ज्याने घडवला, त्या माणसाचे घर मला सापडले! घर म्हणजे सारे कुटुंब: बायको, दोन मुलगे, एक मुलगी. तुम्ही जाऊन किती वर्षे लोटली, तरी ही बातमी प्रथम तुम्हालाच सांगावीशी वाटली.

मी आता लेकीकडे जर्मनीत, रेगेन्सबर्गला असतो. ती इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. हिवाळ्यात तुमच्या धाकट्याने सांगलीहून रंध्याचा फोटो फोनवर पाठवला. लाकडावर ठोकलेले कारागिराचे नाव स्पष्ट वाचता आले आणि मला चैन पडेना. इंग्लंडच्या दप्तरखान्यांत जुनी मृत्युपत्रे जपलेली असतात. त्यांच्या प्रती संगणकावरून मागवता येतात. त्याचे मागवले. दीड पानाचे एकच वाक्य, स्वल्पविराम औषधालाही नाही! नोकरीत जन्मभर कंत्राटांचे मसुदे तपासलेले; लाल पेन्सिल हाती घेण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला. लेक स्वयंपाकघरातून तिच्या जर्मनमिश्रित मराठीत ओरडते, "बाबा, आल्झो, जेवायला या! तो सुतार दोनशे वर्षांपूर्वी मेलाय, पळून जाणार नाही."

"सुतार नव्हे, सुतारांची हत्यारे करणारा," मी म्हणतो.

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण थंड तुमचं जेवण होतंय, त्याचं नाही."

मृत्युपत्रात बायकोला राहते घर, मुलीला पलंग आणि घड्याळ, धाकट्याला दुकान व सारी हत्यारे. थोरल्याचे नावच नाही. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत तो आहे, इथे नाही. मी त्या परक्या म्हाताऱ्यावर इतका संतापलो की लेकीने विचारले, "तुम्हाला का एवढं लागलं?"

का लागले, ते तिला कसे सांगणार? शेवटच्या आजारपणात तुम्ही आम्हा दोघा भावांना जवळ बोलावलेत, रंधा धाकट्याच्या हातात दिलात, आणि माझ्याकडे वळून एवढेच विचारलेत, "तुझी गाडी चुकणार नाही ना?"

परवा त्या कारागिराच्या विधवेचेही मृत्युपत्र आले. त्यात ती लिहवते की थोरल्याला वडिलांनी हयातीतच दुसऱ्या गावी दुकान थाटून दिले. त्याचा वाटा त्याला पोचला आहे, म्हणूनच त्यांनी त्याचे नाव घातले नाही. ज्याला आधीच मिळाले, त्याला पुन्हा लिहायचे नाही, अशी तिथली रीत! शब्द न् शब्द तपासणाऱ्या मला एवढे सुचू नये? मी खुर्चीतून उठून चक्क टाळी वाजवली. मग आठवले: मला इंजिनिअरिंगला घातलेत, त्या वर्षी घर बांधण्यासाठी साठवलेले सागवान मागच्या पडवीतून नाहीसे झाले होते. आईने विचारले, "अहो, लाकडं कुठंयत?" तुम्ही पटाशीला धार लावत होतात. मान वर न करता म्हणालात, "गेली पुण्याला, शिकायला."

आज धाकट्याला फोनवर सारे सांगितले. तो लगेच म्हणाला, "दादा, मग रंधा तूच ने की."

"नको रे. माझा वाटा मला पोचलाय," मी म्हणालो, आणि ते अक्षरशः खरे आहे. हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो, अण्णा: त्याने आणखी एकदा तरी आग्रह करायला हवा होता.