कानिफनाथच्या चुका, एकूण एकतीस

८ जानेवारी १९७३
पुष्पावतीबाई पुण्याहून पीएच. डी.साठी आमच्या गावात आल्या आहेत. ज्या मुलांची वाढ मागे पडते, त्यांचा अभ्यास. आज त्यांनी चाचणीची पेटी कानिफनाथकडे दिली. तो बी. ए. आहे म्हणे. तो मुलांना ठोकळे रचायला लावणार, आयांशी बोलणार. मी फॉर्म उतरवणार, कारण माझं अक्षर चांगलं! मी अकरावी दोनदा केली आहे, म्हणजे एकदा जास्तच. सूड घेणार. शांतपणे, पुराव्यानिशी.

१२ जानेवारी
सापडला! कानिफनाथ मुलांची वयं आयांना विचारून लिहितो. भागूबाईच्या सहादूची जन्मतारीख ११-१२-६७. आधार काय? ती म्हणाली, "कोयनेचा भूकंप झाला, फळीवरची भांडी पडली, तवाच ह्यो झाला." शास्त्रात भांडी! शाळेचं रजिस्टर पाहिलं. सहादू पहिलीत, जन्म १-६-६६.

१५ जानेवारी
चाळीस मुलं तपासली. कानिफनाथच्या चुका एकतीस. लाल शाईने दुरुस्त केल्या. वय वाढलं की तेच गुण कमी ठरतात. एकतीसही मुलं 'मागे' या यादीत गेली. बाईंना एवढी एकदम मिळाली नसती. प्रबंधात माझे आभार निश्चित. पेटीही माझ्याकडे येणार. कानिफनाथचं अक्षर गचाळ आहे, हे मी बोलून दाखवणार नाही. एकदाच दाखवीन.

१८ जानेवारी, दुपार
यादीची बातमी फुटली. भागूबाई शाळेत आली. म्हणाली, "माजं पोरगं येडं हाय व्हय? शेरडं मोजून आनतंय त्ये! आदी ह्या लिवनाऱ्याला तपासा, बाई." कानिफनाथ हसला. नोंद केली आहे.

१९ जानेवारी
बाईंनी विचारलं, एकतीस मुलं एक जूनलाच कशी जन्मली? मी म्हणालो, उन्हाळ्यात जन्म जास्त होत असतील. वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे. मास्तर म्हणाले, अहो, तारीख ठाऊक नसली की आम्ही एक जून घालतो, आणि सहा वर्षं भरतील असं साल. बाई म्हणाल्या, भूकंपाची तारीख जगाला ठाऊक आहे, त्याहून पक्का पुरावा कोणता? लाल शाई निघत नाही. चाळीसही फॉर्म मी पुन्हा लिहायचे, कानिफनाथ सांगेल तसे.
जाताना मास्तर म्हणाले, तुमचाही दाखला एकदा बघा.

२० जानेवारी
बघितला. १ जून.
आईला विचारलं. म्हणाली, "तू झाला तवा बाजरी काढाय आल्ती." कोणत्या सालची? "मला काय ठावं? त्यो पेटीवाला हाय ना, त्येला इचार. त्यो लई बराबर काढून देतो."