पहिल्या सातात

बाबा, तुमची नात काल पहिल्या सातात खेळली. तलासरीच्या मैदानावर, झाईच्या मुलींशी कबड्डीचा सामना होता आणि पहिली चढाई तिचीच. तुम्ही तिला कधी पाहिलंच नाहीत, म्हणून सांगते. ती माझ्यासारखीच काटकुळी आहे आणि दोन वर्षं नुसती राखीव म्हणून बाहेर बसायची. बाहेर बसणारीने करायचं काय, तर खेळणाऱ्यांची कानातली नि बांगड्या रुमालात बांधून सांभाळायच्या आणि बाटल्या भरून आणायच्या. मी एकदा सरांना विचारलंही, "हिला कधी उतरवणार?" तर म्हणाले, "ताई, जरा अंग भरू दे. पकडीत सापडली तर मोडेल." घरी येऊन देवापुढे दिवा लावला आणि गप्प बसले. गप्प बसायची सवय तुम्हीच लावलीत.

उधव्याचं आपलं घर, माझं दहावीचं वर्ष. आई भाकरी टाकतेय, मी दाराआड उभी आहे, आणि शाळेच्या बाई मला संघातून डहाणूला न्यायला आल्यात. तुम्ही ओटीवरून माझ्याकडे न बघता म्हणता, "खेळून झालं आता. मोडके हातपाय घेऊन कोणाच्या घरी जाणार ही?" बाईंना चहा पाजलात, दारापर्यंत सोडायला गेलात. माझ्याशी त्या दिवशी एक शब्द बोलला नाहीत.

काल हिला उतरवलं ते का, ऐका. संघातली नेहमीची चढाईवाली आलीच नाही. तिचं लग्न ठरलंय, बाप म्हणतो, आता पुरे. सर फोनवर विनवत होते, "दादा, आजच्या दिवस तरी पाठवा." मग फोन खिशात टाकून आमचीला म्हणाले, "चल, तू उतर." टोपल्यात उरलेली भाकरी उचलावी तसं.

सकाळीच मी तिच्या मनगटाला महालक्ष्मीचा दोरा बांधला होता, गाठीवर गाठ मारून. पंच म्हणाले, "दोरा चालणार नाही." मी बाहेरून ओरडले, "अहो, देवीचा आहे तो!" "मावशी, देवीला तुमच्याजवळ बसवा, मुलीला आत पाठवा." सगळे हसले. गाठ काही सुटेना. पोरीने सरळ दातांनी दोरा तोडला, माझ्या मुठीत कोंबला आणि म्हणाली, "आई, आता बस ना खाली!" पहिल्याच चढाईत पकडली गेली, मी दोरा कपाळाला लावून बसले. पुन्हा आत आली तेव्हा मात्र दोघींना शिवून, अंग चोरून अशी निसटली की झाईच्या मुली एकमेकींवरच पडल्या. सामना आपण घेतला. सर म्हणतात, "ही इतके दिवस कुठे होती?" मी म्हटलं, "तुमच्या बाटल्या भरत होती."

हे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहितेय, चांगला कागद कशाला वाया घालवू. हे कुठे धाडायचं नाहीच. तुमच्यावरचा राग लिहून संपेल असं वाटलं होतं, पण आज सकाळचं एक राहिलंय. चहा पिताना पोरीने विचारलं, "आई, ती परत आली तर मला पुन्हा बाहेर बसवतील?" मी म्हटलं, "नाही येणार ती. तिचा बाप पाठवायचा नाही."

आणि बाबा, ते म्हणताना मला बरं वाटलं.