शिशीवरची कागदी पट्टी

माय, तुझी धाकटी लेक भिवापूरहून माझ्याकडे येऊन राहिली आहे, आणि मी तिच्यावर जळते आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी जळते. नातवंडं असलेल्या बाईनं असं लिहू नये म्हणतात. पण मी दुसरीपर्यंतच शिकले, तेवढ्यात गोडगोड लिहिणं काही कोणी शिकवलं नाही.

तुझी ती खारट दवा मला अजून दिसते. शिशीच्या अंगाला कातरलेली कागदी पट्टी, एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत एक डोस. तुझा जीव घाबरा व्हायचा म्हणून डॉक्टरांनी दिलेली. तू ती तांदळाच्या मडक्यात ठेवायचीस. मला त्या शिशीचा राग यायचा. दवा घेतली की तुझे डोळे जड व्हायचे, मी काहीही सांगितलं तरी तू "हो वं" म्हणायचीस, पण कोणाला म्हणतेस ते तुलाच ठाऊक नसायचं. मग मी सासरी आले, आणि एका उन्हाळ्यानंतर कानावर आलं की मायनं दवा सोडली. सगळे म्हणाले, काय जिगर आहे बाईची. मीही म्हटलं.

मालक गेले तशी माझीही छाती धडधडायला लागली. चुलीपाशी बसून राहायची आणि वाटायचं, आता या घरात काहीतरी होणार. सीताबर्डीच्या डॉक्टरांनी दवा दिली, तशीच खारट, तशीच पट्टी. पहिल्यांदा बरं वाटलं. पुढं तोंडावर फोड उठले, जीभ अडखळू लागली, वरणात दोनदा मीठ पडू लागलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, आता ही हळूहळू कमी करायची." हळूहळू मला कधी जमलं आहे? घरी आले आणि अख्खी शिशी मोरीत ओतली. माझी माय सोडते, तर मी काहून नाही?

पुढच्या दोन-तीन दिवसांत हातात तांब्या धरवेना. अंगावर मुंग्या चालतात म्हणून कातडी ओरबाडून काढली. सुनेला म्हणे मी विचारलं, "तू कोण वं, माह्या घरात काय करून राहिली?" ती रडत डॉक्टरांना घेऊन आली. दवा पुन्हा सुरू झाली, आणि तिनं धाकटीला निरोप धाडला.

धाकटी आली. मिरच्यांची थैली दारात ठेवली, शिशी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "कैची दे." जुनी पट्टी भिजवून काढली, नवी कातरली, खुणा आधीपेक्षा जराशा जवळ. मी म्हटलं, हे तुला कुठून येतं?

"मायची दवा मीच त सोडवली," ती म्हणाली. "पुरा उन्हाळा. माय म्हणे, लेकराची अफू कशी तोडतेत? सहाणीवर रोज उगाळाची त उगाळाची, फक्त उगाळाचा एकेक वेढा कमी कराचा. एकदम तोडली त लेकराले झटके येतेत. तसंच हे."

वावरात जाणाऱ्या बाया लेकरू निजवायला अफू चाटवत आणि मग वेढ्या-वेढ्यानं सोडवत, हे मीही पाहिलं होतं. पण ते शिशीला लावायचं तुला सुचलं, आणि सांगितलंस तिला. तू थरथरत होतीस तेव्हा ती तुझे पाय दाबत होती. मी इतवारीत भाकरी थापत होते, महाल भागातल्या तुझ्या घरापासून चालत येण्याइतक्या अंतरावर.

"मले काहून नाही बोलावलं?"

तिनं कैची खाली ठेवली. "माय म्हणे, मोठीले नोको सांगू. ते येईन, पाहीन, आन् शिशी मोरीत ओतून देईन."

सून तोंडाला पदर लावून हसली. मी नाही हसले.

तू खरं बोललीस, राग त्याचाच आहे. मला इतकं ओळखत होतीस, मग ओरडायचं होतं, हात धरायचा होता. तुझी थरथर मला दाखवली असतीस तर मी शिशी ओतली नसती. नाही, ओतली असती. पण मग तुझ्यापाशी बसलेही असते.

रोज दुपारी धाकटी मला पुढ्यात बसवते आणि टाळूवर तेल थापते. तिचे हात सावकाश चालतात. तुझ्याही डोक्याला ती असंच लावायची का, हे मी विचारत नाही. हो म्हणाली तर ऐकवणार नाही.

हा कागद चुलीवरच्या फळीवर राहील, डब्यामागे. तुझा पत्ता कोणाला ठाऊक आहे? पण एक सांगून टाकते. पट्टीच्या खुणा आता अगदी जवळ आल्या आहेत, आणि माझे हात थरथरायचे थांबले आहेत. धाकटी विचारते, "कसं वाटून राहिलं?" मी हात पदराखाली घेते आणि म्हणते, "थरथरूनच राहिले वं अजून." मग ती जायचं नाव काढत नाही. तुझ्यापाशी ती पुरा उन्हाळा होती. इथं तर आंब्याला आत्ता कुठं मोहोर आला आहे.