शेवंती वाढवा

सोनई, ७ डिसें. ७२
दुकान दुपारीच बंद. या दुष्काळात कपडे शिवतंय कोण? मशीनला तेल घालत बसायचं. घरी येऊन शेवंतीला आंघोळीचं पाणी घातलं. फुलं देठावरच वाळून काळी पडलीत. ही गेली त्याला पावणेतीन महिने झाले. नगरच्या दवाखान्यात शुद्धीवर असताना शेवटचं बोलली ते एवढंच, "तेवढी शेवंती वाढवा." म्हणून वाढवतोय.

११ डिसें.
शेजारच्या भागाबाई कुंपणावरून, "आवं टेलरमास्तर, वाळल्याल्या फुलास्नी कशापायी पानी पाजताय? बुडाशी चार बोटं ठिवा, वरचं कापून टाका. न्हाईतर मुळं बी जात्याल."
हिनं वाढवायला सांगितली आणि मी कापू? फार राग आला. चहासुद्धा विचारला नाही त्यांना.

१६ डिसें.
लेक आली कर्जतहून. भांडी घासताना कमलची बांगडी दगडावर आपटली. म्हटलं, "फुटली का गं?" तर थेट आईसारखी डाफरली, "अण्णा, फुटली म्हणू नये. वाढली म्हणावं."
तिची आईसुद्धा कधी फुटली म्हणायची नाही. बांगडी वाढवायची, नारळ वाढवायचा. मग शेवंती...?

१७ डिसें.
एस.टी.त बसवताना कमलला विचारलं, शेवंती छाटायची तर आई काय म्हणायची? आठवून पाहिलं तिनं. मग, "मेथीला खुडायची म्हणायची. शेवंतीचं नाही आठवत, अण्णा. ती एकटीच करायची, आमी शाळेत असायचो." आणि रडायला लागली. गाडी हलली.
तीस वर्षं एका घरात काढली आणि बायकोची बोली येत नाही. लाज वाटते.

२१ डिसें.
खालची पानंही पिवळी पडली. भागाबाईंचंच खरं असेल. दुकानातली कापडाची कात्री घरी आणली. त्या कात्रीनं कागदसुद्धा कापू द्यायची नाही ही. वाफ्याशी बसलो, एक देठ धरला. मापाशिवाय कधी कापड कापलं नाही मी. इथं माप कुणाला विचारू?
दवाखान्यात ती "वाढवा" म्हणाली तेव्हा मी लगेच "बरं" म्हटलं होतं. तिला वाटलं, ह्यांना कळलं. मग डोळे मिटले.
कात्री खुंटीला अडकवली. अर्धा तांब्या पाणी घातलं.