ट्रेनरचा चारित्र्य-दाखला

मोठ्या पोलीस साहेबांस,

माझ्या बायकोचा व्यायाम घ्यायला घरी येणारा ट्रेनर कुठल्या जिमचा नोकर नाही, स्वतःच स्वतःचा मालक. म्हणून तुमच्याकडून चारित्र्याचा दाखला आणायला त्याला मीच सांगितलं. तुम्ही लिहिलंत, 'एकही गुन्हा नाही.' साहेब, पुन्हा बघा! बैठका मोजता मोजता तो तिला हसवतो. माझ्या विनोदांवर ती अकरा वर्षांत हसलेली नाही.

दाखला वाचून ती म्हणाली, "झालं समाधान? आता तुमचा आणा."

तक्रार लिहायला बसलो, तर गुन्ह्याच्या रकान्यात 'बायको हसली' एवढंच सुचलं. तेव्हा हे पत्र खिशातच राहील. उद्यापासून तिच्या शेजारी मीही बैठका मारणार आहे. हसायचंच असेल, तर निदान तिने मला हसावं.

आपला,
अजून तरी निर्दोष असलेला नवरा